आई-वडिलांसाठी राहण्याची योग्य जागा कशी निवडाल?

"डॉक्टर, बाबांना आता एकटं ठेवायचं की नाही, ते तुम्हीच सांगा." दवाखान्यात हा प्रश्न बहुधा शनिवारी संध्याकाळी येतो. मुलगा किंवा मुलगी परगावाहून आलेली असते, रविवारी रात्रीचे परतीचे तिकीट काढलेले असते आणि मधल्या वेळेत आई-वडिलांनी पुढची दहा वर्षे कुठे राहायचे हे ठरवायचे असते. बाबा शेजारच्याच खुर्चीवर बसलेले असतात. त्यांना अजून कोणी विचारलेले नसते.

मी फॅमिली डॉक्टर आहे, घरांचा जाणकार नाही. पण लोकांच्या घरी जाऊन रुग्ण तपासताना एक गोष्ट वारंवार दिसते: वयस्कर माणसाची तब्येत औषधांइतकीच तो राहतो त्या जागेवर अवलंबून असते. संडास पलंगापासून किती पावलांवर आहे, जिन्याला कठडा आहे का, दुपारी चार वाजता दार वाजवणारे कोणी आहे का, यावरून मला पुढच्या वर्षाचा बराच अंदाज येतो. म्हणून या लेखात जागेचा विचार तब्येतीच्या बाजूने केला आहे.

घर बदलण्याआधी तब्येत तपासा

"आता एकटं जमत नाही" असे वाटायला लावणारी काही कारणे उपचाराने बरी होणारी असतात. ती शोधल्याशिवाय घर विकू नका आणि कुठे अनामत रक्कमही भरू नका.

७६ वर्षांच्या एका आजींचे उदाहरण सांगतो. महिन्यात दोनदा पडल्या, एकदा दूध उतू जाऊन गॅस तसाच चालू राहिला, दिवसाही पेंगू लागल्या. मुलांनी वृद्धाश्रम पाहून ठेवला होता. मी त्यांची औषधांची पिशवी मागवली. रक्तदाबाचे एकच औषध त्या दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी घेत होत्या: एक माझ्याकडून चालू असलेले, दुसरे रुग्णालयातून सुट्टी मिळताना लिहून दिलेले. त्यातच शेजारणीने सुचवलेली झोपेची गोळी. उभे केल्यावर त्यांचा वरचा रक्तदाब १३२ वरून ९८ वर आला. दुहेरी गोळी बंद केली, झोपेची गोळी हळूहळू कमी करत थांबवली. सहा आठवड्यांनी आजी स्वतः चालत दवाखान्यात आल्या आणि वृद्धाश्रमाचा विषय काढल्याबद्दल मुलाला माझ्यासमोरच सुनावले. (झोपेच्या गोळ्या बरेच दिवस चालू असतील तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारूनच कमी करा.)

तेव्हा आधी डॉक्टरांकडे जा आणि जाताना घरातली सगळी औषधे, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीची सुद्धा, एका पिशवीत घालून न्या. झोपून आणि मग उभे राहून रक्तदाब मोजायला सांगा. पाच मिनिटे आडवे पडल्यावर आणि उभे राहिल्यावर एका व तीन मिनिटांनी मोजलेल्या आकड्यांत वरचा दाब २० किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर पडण्याचे कारण तिथेच सापडू शकते. मोतीबिंदू, कमी ऐकू येणे, रक्तातले सोडियम कमी होणे, ब-१२ ची कमतरता, थायरॉईड, रक्तक्षय, लघवीचा जंतुसंसर्ग आणि मधुमेहाच्या गोळ्यांमुळे साखर फार खाली जाणे, या सगळ्यांमुळे माणूस अडखळतो, गोंधळतो किंवा गप्प होतो. नैराश्याचेही तसेच. जोडीदार गेल्यानंतरच्या काही महिन्यांत वडील "काही लक्षात राहत नाही" म्हणतात, तेव्हा नेहमी विसरण्याचाच आजार असतो असे नाही.

घरी करता येण्यासारखी एक सोपी चाचणी आहे. आईला साध्या खुर्चीवर बसवा. तिथून तीन मीटरवर जमिनीवर खूण करा. तिने उठून, नेहमीच्या चालीने खुणेपर्यंत जाऊन, वळून, परत येऊन बसायचे. काठी वापरत असेल तर काठीसह. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागला तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असे समजतात. शेजारी उभे राहा, आणि घाई करायला लावू नका.

काय जमते आणि काय नाही

वय हा इथे वाईट मापदंड आहे. ८४ व्या वर्षी स्वतः भाजी आणणारे आजोबा आणि ६८ व्या वर्षी आधाराशिवाय न उठणाऱ्या काकू, दोघेही माझ्याकडे येतात. आम्ही डॉक्टर मंडळी रोजच्या कामांचे दोन गट करून पाहतो.

पहिल्या गटात बाहेरच्या जगाशी संबंध असलेली कामे येतात: पैशांचे व्यवहार, खरेदी, स्वयंपाक, वेळेवर औषधे घेणे, फोन वापरणे, एकट्याने प्रवास करणे. ही कामे आधी सुटू लागतात. एवढेच सुटले असेल तर घर बदलायची गरज सहसा नसते. पोळीभाजीला बाई, आठवड्याचा औषधांचा डबा भरून देणारे कोणी आणि वीजबिलाचे ऑनलाइन काम तुमच्याकडे, इतक्यावर अनेक जण वर्षानुवर्षे आपल्या घरी व्यवस्थित राहतात.

दुसऱ्या गटात शरीराची कामे येतात: आंघोळ, कपडे घालणे, संडासला जाणे, पलंगावरून उठणे, लघवी-शौचावर ताबा, स्वतःच्या हाताने जेवणे. यातले एखादे जरी सुटले तरी घरात माणूस लागतो. आणि खरा प्रश्न रात्रीचा असतो. दिवसाची सोय कशीही होते. रात्री दोन वाजता लघवीला उठवायला कोण आहे, हे विचारा. माझ्या अनुभवात जागेचा निर्णय बहुतेक वेळा याच उत्तरावर ठरतो.

फोनवर हे कळत नाही. फोनवर आई "सगळं छान आहे" म्हणते. दोन दिवस राहायला जा आणि बघा. फ्रिजमध्ये विटलेली भाजी आहे का? गोळ्यांच्या पाकिटांत तारखेच्या मानाने जास्त गोळ्या उरल्या आहेत का? ब्लाउज सैल झाले आहेत का? सहा महिन्यांत, डाएट न करता, वजन पाच टक्क्यांनी घटले असेल तर ते दुर्लक्ष करण्यासारखे नाही. ६० किलोच्या माणसाचे ते फक्त तीन किलो होतात, म्हणून घरच्यांच्या लक्षात येत नाही.

सध्याचेच घर सुधारता येईल का?

बहुतेकांना आपल्याच घरी राहायचे असते. म्हणून सुरुवात इथून करा, आणि बाथरूमपासून करा. हॉलचा सोफा नंतर.

भारतीय पद्धतीचा संडास असेल तर त्यावर ठेवायची कमोडची खुर्ची लगेच आणता येते. कायमचा कमोड बसवायचा तर जमिनीपासून बैठकीची उंची १७ ते १९ इंच साधारण सोयीची पडते, पण खरी खूण वेगळी आहे: बसल्यावर पावले जमिनीला पूर्ण टेकली पाहिजेत आणि उठताना पुढे झेपावावे लागू नये. बुटक्या आईला उंच कमोड त्रासदायकच होतो. भिंतीला धरायचे दांडे ड्रिल करून, स्क्रूने पक्के बसवा. रबराच्या चकतीने चिकटणारे दांडे नेमके भार पडला की सुटतात. टॉवेलच्या दांडीचेही तसेच. तुम्ही ती टॉवेलसाठी लावलेली असते, पण तोल गेला की हात तिच्याकडेच जातो.

बाथरूमचे दार बाहेर उघडणारे किंवा सरकणारे हवे. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर दार त्याच्याच अंगाने अडते. मी स्वतः असे दार तोडताना पाहिले आहे. आतली कडी काढा, किंवा बाहेरून उघडता येईल असे कुलूप लावा. आंघोळीला स्टूल जड आणि रुंद पायांचे घ्या, प्लास्टिकचे हलके नको. ओल्या फरशीवर चालणारी खरबरीत टाइल लावणे शक्य नसेल तर निदान फरशी कोरडी ठेवण्याची शिस्त घरातल्या सगळ्यांनी पाळा.

बाकीच्या घरात पायपुसणी, सैल सतरंज्या आणि जमिनीवरून गेलेल्या वायरी काढा. पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर मंद दिवा ठेवा. मागे पट्टा असलेली चप्पल घरातही वापरू द्या. खर्च फार नाही. अडचण असते ती "एवढं म्हातारं झालोय का मी?" या वाक्याची. दांडा बसवताना तो "सगळ्यांसाठीच" आहे असे म्हणा आणि स्वतःही वापरा.

गावच्या घराचे प्रश्न वेगळे असतात. संडास परसात, मधे उंबरठे, अंगणात मिणमिणता दिवा. कोकणात जांभ्याच्या पायऱ्यांवर पावसाळ्यात शेवाळ धरते, आणि पहाटे अंधारात उठून मागच्या पडवीतून जाणारी आजी तिथेच घसरते. घराला लागून एक संडास-बाथरूम बांधणे हा अशा घरातला सर्वांत उपयोगी खर्च आहे. उंबरठा काढायला मन तयार नसेल तर त्याच्या कडेला ठळक पिवळा पट्टा रंगवा. मोतीबिंदूच्या डोळ्यांना दगडी फरशीवरचा दगडी उंबरठा दिसतच नाही. वीज जाते तिथे इन्व्हर्टर किंवा उशाशी चार्ज केलेली बॅटरी हवीच.

लिफ्ट नसलेला तिसरा मजला

शहरांत माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त नुकसान करणारी गोष्ट ही आहे. जुन्या तीन-चार मजली सोसायट्यांमध्ये पस्तिशीत घेतलेले घर, तेव्हा जिना जाणवलाही नाही. आता गुडघे झिजले आहेत. सुरुवातीला माणूस दिवसातून एकदाच खाली उतरतो, मग आठवड्यातून एकदा. माझे ७९ वर्षांचे एक रुग्ण सात महिन्यांत दोनदाच खाली आले होते: एकदा रक्त तपासायला आणि एकदा मतदानाला. त्या सात महिन्यांत त्यांच्या मांड्या इतक्या बारीक झाल्या की पुढे घरातल्या घरात चालणेही अवघड झाले. जिना टाळल्याने गुडघा वाचतो असे वाटते. पण चालणे बंद झाले की स्नायू झडतात, आणि झडलेले स्नायू त्या वयात परत मिळवणे फार कष्टाचे असते.

दुसरा धोका आणीबाणीचा. अनेक जुन्या जिन्यांत स्ट्रेचर वळत नाही. छातीत दुखणाऱ्या माणसाला खुर्चीत बसवून चार शेजाऱ्यांनी खाली आणावे लागते, आणि तोपर्यंत रुग्णवाहिका खाली थांबून राहते.

उपाय आहेत. राहते घर भाड्याने देऊन त्याच परिसरात तळमजला किंवा लिफ्टचे घर भाड्याने घेणे हा मला सर्वांत व्यवहार्य वाटतो, कारण घर विकावे लागत नाही आणि वाणी, केमिस्ट, देऊळ, डॉक्टर तेच राहतात. काही सोसायट्या इमारतीबाहेर लिफ्ट बसवतात. त्यासाठी सर्वसाधारण सभेत ठराव, परवानग्या आणि खर्चाची वाटणी लागते, आणि पहिल्या मजल्यावरच्यांना पटवण्यात एखादे वर्ष जाऊ शकते. निदान जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडे लावून घ्या, ते काम लवकर होते.

लिफ्टची जागा बघायला गेलात तर जाहिरातीवर जाऊ नका, रस्त्यापासून पलंगापर्यंत स्वतः चालत जा आणि पायऱ्या मोजा. काही इमारतींत लिफ्ट दोन मजल्यांच्या मधल्या टप्प्यावर थांबते, म्हणजे प्रत्येक वेळी सात-आठ पायऱ्या राहतातच. काही ठिकाणी लिफ्टपर्यंत पोचायलाच चार पायऱ्या चढाव्या लागतात. वीज गेल्यावर लिफ्ट चालते का, तिच्यात व्हीलचेअर मावते का, दारे तीन फूट रुंद आहेत का, हे मोजपट्टीने पाहा. तळमजला घेताना ओल, डास, अंधार आणि पावसाळ्यात पाणी शिरते का, हे शेजाऱ्यांना विचारा. दम्याच्या रुग्णाला ओलसर तळमजला तिसऱ्या मजल्याइतकाच त्रास देतो.

इथे पुनर्विकासाबद्दल सांगायला हवे. मुंबई-पुण्यात सत्तरी-ऐंशीतली किती तरी माणसे सध्या "तात्पुरत्या" भाड्याच्या घरात राहत आहेत. नवी इमारत तीन वर्षांत मिळेल असे सांगितलेले असते, आणि कधी त्याहून बराच वेळ लागतो. ७८ वर्षांच्या माणसासाठी तीन-चार वर्षे हा तात्पुरता काळ नसतो. काही जणांना नवे घर बघायला मिळत नाही, हे कटू असले तरी खरे आहे. म्हणून ते भाड्याचे घर कायमचे समजूनच निवडा. चार पैसे वाचतात म्हणून दूरच्या उपनगरात नेऊ नका. मालकाची परवानगी घेऊन तिथेही दांडे बसवा. आणि नव्या घराच्या आराखड्यात बाथरूमचे दार, उंबरठा, कमोडची जागा याबद्दल आत्ताच बोला, भिंती उभ्या राहण्याआधी.

मुलांकडे राहायला नेताना

या बाबतीत मी स्वतः चुकलो आहे, म्हणून सांगतो. आई गेल्यानंतर तीन महिन्यांत मी वडिलांना गावाकडून माझ्याकडे आणले. लिफ्ट होती, बाथरूममध्ये मी सांगतो तसे सगळे केलेले होते, औषधे घरातच. पाच महिन्यांत त्यांचे वजन सहा किलोने उतरले. मी थायरॉईड पाहिले, साखर पाहिली, पोटाची सोनोग्राफी केली. सगळे नॉर्मल. एकदा सहज विचारले, तर म्हणाले, "इथे मला कुणी नावाने हाक मारत नाही रे." मी आणि बायको दिवसभर बाहेर, मुले शाळेत. गावी एसटी स्टँडजवळच्या पारावर त्यांची रोज संध्याकाळी दोन तास बैठक असायची. माझ्या यादीत दांडे होते, पार नव्हता. शेवटी गावच्याच घरी बाथरूम आत बांधून घेतले, स्वयंपाकाला बाई लावली, वरच्या मजल्यावर चुलतभावाला राहायला बोलावले आणि ते परत गेले. तिथे ते अडीच वर्षे राहिले. एकदा पडलेही, मनगट मोडले. तरीही त्यांना पुन्हा शहरात आणावे असे मला वाटले नाही.

तुमच्या घरी वेगळे असू शकते. नातवंडांत रमणाऱ्या आज्याही मी पुष्कळ पाहतो. पण नेण्याआधी महिना-दीड महिना राहून बघा, गावचे घर लगेच मोकळे करू नका. जोडीदार गेल्यावर पहिल्या काही महिन्यांत, किंवा रुग्णालयाच्या खाटेवर असताना, मोठा निर्णय घेऊ नका. आई-वडिलांना स्वतःची खोली, निदान स्वतःचे कपाट आणि दिवसाचे एखादे स्वतःचे काम हवे. हॉलमधल्या दिवाणावर झोपणाऱ्या माणसाला घरातले सगळे झोपेपर्यंत झोपता येत नाही. आणि काळजी घेणार कोण, हे नाव घेऊन ठरवा. "आपण सगळे मिळून करू" याचा अर्थ बहुतेक घरांत सून करणार असा होतो. सुनेला पाठदुखी आणि रक्तदाब घेऊन माझ्याकडे यायला मग वर्षही लागत नाही.

भावंडांनी महिने वाटून घेण्याची पद्धत आपल्याकडे खूप आहे: चार महिने थोरल्याकडे, चार धाकट्याकडे. हिशेबाला ती बरोबर दिसते. पण दर चार महिन्यांनी डॉक्टर बदलतो, गोळ्या बदलतात आणि जुनी फाइल मागच्या घरी राहते. रात्री उठल्यावर संडास डावीकडे की उजवीकडे, हेही दर वेळी नव्याने शिकावे लागते. विसरण्याचा आजार असेल तर मी ही पद्धत स्पष्टपणे नको म्हणतो. एकाच घरी ठेवा, बाकीच्यांनी खर्च आणि सुट्ट्या वाटून घ्या.

अनेकांना जमणारा मधला मार्ग म्हणजे जवळ पण वेगळे: त्याच संकुलात किंवा चालत जाण्याच्या अंतरावर लहान घर. सकाळचा चहा त्यांचा त्यांच्याकडे, रात्रीचे जेवण तुमच्याकडे.

ज्येष्ठांचे गृहप्रकल्प, वृद्धाश्रम आणि शुश्रूषा केंद्र

या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि गोंधळ इथेच होतो. गृहप्रकल्पात तुमचे स्वतःचे किंवा भाड्याचे घर असते, सोबत जेवणघर, डॉक्टरांची फेरी, समवयस्क सोबत. तो चालत्याफिरत्या माणसासाठी असतो. वृद्धाश्रमात खोली आणि जेवण मिळते, पण अंथरुणाला खिळलेल्यांना बरेच वृद्धाश्रम घेत नाहीत. शुश्रूषा केंद्रात नळीतून अन्न देणे, कूस बदलणे, जखमांचे ड्रेसिंग करणारी माणसे असतात, किंवा असायला हवीत.

ज्येष्ठांसाठीच्या प्रकल्पांबाबत महारेराने २०२४ मध्ये आदर्श मार्गदर्शक तत्त्वे काढली. व्हीलचेअर जाईल अशी ९०० मिलिमीटरची दारे, लिफ्ट, न घसरणाऱ्या फरशा, धरायला दांडे, मदतीची घंटा अशा गोष्टी त्यांत येतात. बिल्डरने "सीनियर लिव्हिंग" अशी पाटी लावली असेल तर या गोष्टी करारात लिहिल्या आहेत का ते पाहा.

कुठेही गेलात तरी एक प्रश्न आधी विचारा: "उद्या आई अंथरुणाला खिळली, किंवा तिला काही आठवेनासे झाले, तर तुम्ही तिला ठेवाल का?" उत्तर लेखी घ्या. नाहीतर दोन वर्षांनी, सर्वांत वाईट वेळी, फोन येतो की आता तुमची सोय बघा. रात्री किती माणसे कामावर असतात, परिचारिका प्रशिक्षित आहे का, कोणत्या रुग्णालयात नेतात आणि सही कोणाची घेतात, सोडून गेल्यास अनामत किती दिवसांत परत मिळते, हेही विचारा. एकदा वेळ ठरवून जा आणि एकदा न कळवता, जेवणाच्या वेळी. मी आत शिरल्यावर वास घेतो. लघवीचा वास सगळीकडे दरवळत असेल तर माणसे वेळेवर बदलली जात नाहीत. नखे बघतो. दुपारी अकरा वाजता सगळे पलंगावर असतील तर तेही काहीतरी सांगते. तिथे राहणाऱ्यांशी, कर्मचारी शेजारी नसताना, पाच मिनिटे बोला.

वृद्धाश्रम म्हणजे आई-वडिलांना टाकून देणे, ही भावना अजून आपल्यात आहे. दिवसभर बंद फ्लॅटमध्ये टीव्हीसमोर बसण्यापेक्षा तिथे बरे असलेले लोक मी पाहतो. न भेटणारी मुले मात्र दोन्हीकडे असतात.

विसरण्याचा आजार असेल तर

स्मृतिभ्रंशात जागा बदलणे हेच एक आजारपण ठरू शकते. ओळखीच्या घरात हात सवयीने दिव्याच्या बटणावर जातो. नव्या घरात ती सवय उपयोगी पडत नाही, आणि संध्याकाळ झाली की "मला घरी जायचंय" सुरू होते. हलवायचेच असेल तर उशिरा नको, लवकर हलवा, नवे शिकण्याची थोडी ताकद शिल्लक असताना. त्यांचा पलंग, त्यांची गोधडी, देव्हारा आणि भिंतीवरचे घड्याळ सोबत न्या आणि पहिल्याच दिवशी मांडा. संडासाच्या दारावर मोठे चित्र लावा. गॅसचा सिलिंडर रात्री बंद ठेवा. मुख्य दाराला त्यांना सहज न उघडणारी कडी हवी, पण त्यांना आत कोंडून सगळ्यांनी बाहेर जाणे कधीच नको. आग लागली तर बाहेर पडता येणार नाही. अंगावर नाव आणि फोन नंबर असलेले लॉकेट किंवा पट्टी ठेवा.

घरात कॅमेरा लावायचा असेल तर त्यांना सांगून लावा, आणि बाथरूम किंवा कपडे बदलायच्या जागेत मुळीच नको. कॅमेऱ्यात पडलेला माणूस दिसतो, त्याला उठवायला शेजारच्यांकडे किल्ली लागते.

रुग्णालय किती लांब?

हवापालटाला छान वाटणारे डोंगरावरचे फार्महाऊस हृदयविकार असलेल्या ७५ वर्षांच्या माणसाला मी सुचवत नाही. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. म्हणजे रात्री निघून तासाभरात सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात पोचता आले पाहिजे. खुब्याचे हाड मोडले तर शस्त्रक्रिया शक्यतो ४८ तासांत व्हावी लागते. घर बघायला जाल तेव्हा त्या रुग्णालयापर्यंत एकदा संध्याकाळच्या गर्दीत गाडी नेऊन बघा. वय ७० किंवा जास्त असेल तर आयुष्मान भारतचे कार्ड उत्पन्नाची अट न ठेवता मिळते, त्यात वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार येतात. जवळचे कोणते रुग्णालय त्या यादीत आहे ते आधी शोधा. १०८ ची रुग्णवाहिका आणि ज्येष्ठांची १४५६७ ही हेल्पलाइन, दोन्ही नंबर मोठ्या अक्षरांत फोनशेजारी लावा.

घर कोणाच्या नावावर?

हा वकिलाचा प्रांत आहे, पण त्याचे परिणाम माझ्या टेबलावर येतात. मुलाकडे राहायला जाताना घर त्याच्या नावे बक्षीसपत्राने करून देण्याची घाई करू नका. करायचेच असेल तर सांभाळण्याची अट दस्तऐवजात स्पष्ट लिहा. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ प्रमाणे अशी अट पाळली नाही तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते. सही करण्याआधी वकिलाला दाखवा. आणि आई-वडिलांचे बँक खाते व एटीएम त्यांच्याकडेच राहू द्या, जोवर ते वापरू शकतात तोवर.

हलवल्यानंतर

पहिले तीन महिने जास्त लक्ष ठेवा, कारण नव्या जागेत पडण्याचा धोका वाढतो. पहिला आठवडा कोणीतरी रात्री त्यांच्या खोलीत झोपा. दिवसा त्यांच्याबरोबर पलंगापासून संडासापर्यंत पाच-सहा वेळा चालून दाखवा, मग एकदा दिवे बंद करून. महिन्यातून एकदा वजन करून कागदावर लिहा. जेवण कमी होणे, रात्री न झोपणे, अचानक असंबद्ध बोलणे किंवा नव्याने अंथरूण ओले होणे यांपैकी काही दिसले तर "नव्या जागेमुळे असेल" म्हणून आठवडा घालवू नका. एका-दोन दिवसांत सुरू झालेला गोंधळ हा बहुतेक वेळा शरीरातल्या आजाराचा असतो, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

जुन्या डॉक्टरांकडून आजारांचा आणि औषधांचा एका पानाचा सारांश निघण्याआधीच लिहून घ्या. त्यात कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का आणि शेवटचा ईसीजी कसा होता, एवढे असू द्या. एक प्रत त्यांच्या पिशवीत, एक तुमच्या मोबाइलमध्ये आणि एक नव्या शेजाऱ्यांकडे, घराच्या किल्लीबरोबर.